पंधरा मिनिटांचा बाक

स्टीलचं ताट. पाठीवर खिळ्याने कोरलेलं: गोदी, चौथी.

तीन कोंबड्या माघीकडे. मांजर कुणाकडेच नाही.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन.

पिवळा कागद. दोनदा घडी घातलेला, घामाने मऊ पडलेला.

ओहोळाचं पाणी, दिवाळीनंतरचं. सावली हटायच्या आत हात घातला तर बोटं दुखतात.

अर्धी गोळी, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात.

सुतळी.

गोष्ट या सुतळीपासूनच सुरू करावी लागते. पावसाळ्यात दाराची कडी गंजून तुटली होती. कडीच नाही तर कुलूप कशाला लावायचं, म्हणून लक्ष्याने दाराच्या फळीत आणि चौकटीत तापल्या सळईने भोकं पाडली, त्यांतून सुतळी ओवली आणि एकावर एक पाच गाठी मारल्या. शेवटची गाठ दातांनी आवळली. मग दोन पावलं मागे सरकून दाराकडे बघत म्हणाला, “पावसापरेंत टिकंल.”

पारू अंगणात उभी होती. कडेवर दोन वर्षांचा दिपेश, डोक्यावर भांड्यांची टोपली, आणि मोकळा राहिलेला एक तळवा गोदीच्या कपाळावर. सकाळपासून तो तळवा तिथे किती वेळा गेला असेल याला गणती नव्हती.

साखरशेत गावाच्या पुढचा हा पाडा चौदा घरांचा. त्या सकाळी तेरा दारं अशीच बंद झाली. भाताची कापणी संपली की दुसऱ्यांची शेतं कापणाऱ्यांना गावात काम उरत नाही, आणि दिवाळी उलटली की मुकादम जगनचा टेम्पो फाट्यावर येऊन उभा राहतो. भिवंडीच्या बाजूची वीटभट्टी. तिथे माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. एकाने चिखल तुडवायचा, दुसऱ्याने विटा थापायच्या. जोडीतलं एक गळलं की दुसऱ्यालाही काम नाही. टेम्पो एक वाजता सुटणार होता आणि आश्रमशाळाही नेमकी आजच उघडत होती. शाळेची सुट्टी आणि जगनचा टेम्पो एकमेकांना न विचारता दर वर्षी एकाच दिवसावर येऊन आदळत.

गोदीच्या तापाला तीन दिवस झाले होते. दिवेलागणीला चढायचा, सकाळी उतरल्यासारखा करायचा, आणि ऊन वर आलं की पुन्हा डोळे लाल. आशाताईने चार गोळ्या दिल्या होत्या. अर्धी अर्धी दे म्हणाली आणि जाता जाता वळून म्हणाली, “तीन दिवसांत उतरला नाही तर जव्हारला नेऊन रक्त तपासून घ्या.” तिसरा दिवस आजचाच होता. सकाळी अर्धी गोळी देऊन झाल्यावर पुड्यात शेवटची अर्धी राहिली.

“संगती नेऊ का तिला?” पारूने विचारलं.

“कुठं नेतीस?” लक्ष्या वाकून तांदळाची पिशवी बांधत होता. “पयले दोन दिस उघड्यावर निजायचं. झोपडं बांधस्तोवर वर आभाळ. दव पडतंय रातचं.”

“मंग मी ऱ्हाते मागं.”

“मंग मीबी ऱ्हातो. एकल्याला जगन घेत नाय.” त्याने आवाज चढवला नव्हता. “ऱ्हाऊ दोघं. खाऊ काय, ते तू सांग.”

पारूने दिपेशला कडेवर वर सरकवलं. तो बोटांवर मोजू लागला. “शाळंत छप्पर हाय. डाळभात हाय. खाट हाय. बाई हाय.”

“शाळावाल्यांनी तर घरी ठेवा म्हणून लिवलंय.”

ते लिहिलेलं वाचून दाखवलं होतं गोदीनेच. घरात वाचता येणारी ती एकटी. सुट्टीच्या आधी शाळेने प्रत्येक मुलाच्या हातात एक पिवळा कागद दिला होता. काल संध्याकाळी अंगात ताप असताना तिने तो मोठ्याने, शाळेत वाचतात तसा, एका सुरात वाचला: आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये. ताप, जुलाब, अंगावर पुरळ यांपैकी काहीही असल्यास ते पूर्ण थांबल्यानंतर चोवीस तासांनी पाठवावे. तोपर्यंत पाल्यास घरी विश्रांती द्यावी.

“विश्रांती म्हंजी?” लक्ष्याने विचारलं होतं.

“निजून ऱ्हायाचं,” गोदी म्हणाली होती.

आत्ता लक्ष्याने दाराच्या सुतळीला एक हिसका देऊन बघितला. “घरी ठेवा म्हंत्यात,” तो म्हणाला. “घर कुठं हाय?”

राहिलं होतं एक माघीचं दार. माघी म्हातारी एकटीच मागे राहायची, कारण तिला दिसत नव्हतं आणि भट्टीवर तिचा काही उपयोग नव्हता. कोंबड्या ती आवाजावरून सांभाळी. तिच्याकडे पोर ठेवायचं म्हणजे म्हातारीला भात शिजवून घालायचं काम त्या पोराच्याच गळ्यात पडलं असतं. पारूने त्या दाराकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

लक्ष्या दिपेशला आणि सामानाला घेऊन फाट्याकडे गेला. पारूने गोदीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि शाळेची वाट धरली.

*

ओहोळावर कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. करोनाच्या वेळी शाळेच्या फाटकावर ताप मोजायची ती बंदूक आली. ती पोराच्या कपाळाशी धरतात, टुक वाजतं, आकडा येतो, हे लोकांनी बघितलं. कपाळ गार असलं की आकडाही गार येतो, हेही बघितलं. तेव्हापासून शाळेच्या खालच्या ओहोळावर, सुट्टी संपण्याच्या दिवशी, बाया पोरांना घेऊन वाकलेल्या दिसत. कुणी विचारलं तर तोंड धुते म्हणत. कुणी विचारत नसे.

पारूने पेटी दगडावर ठेवली. पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि गोदीच्या कपाळावरून, कानांमागून, मानेवरून फिरवलं. एकदा, दोनदा, सात वेळा. गोदी डोळे मिटून उभी होती. तिचे दात वाजत होते, पण ती हलली नाही.

“आये, गार लागतंय.”

“लागू दे. थोडं ऱ्हा.”

“मी आत गेली की मंग पांघरू?”

“मंग पांघर.”

तळवा ठेवला. कपाळ माशासारखं गार होतं. तोच तळवा पारूने गोदीच्या पोटावर, झग्याच्या आत ठेवला. तिथे चूल होती.

*

व्हरांड्यात बाक होता.

मागच्या जूनला नव्हता. लांब लाकडी बाक, वर भिंतीला घड्याळ, शेजारी टेबल, टेबलाशी अधीक्षिका प्रतिभाबाई. बाकावर पाच पोरी ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पायाशी पेटी. कडेला पाड्यावरची सकू आपल्या धाकट्या चंदनाला मांडीशी धरून बसलेली.

“काय गं पारू,” सरकून जागा देत सकू म्हणाली, “टेम्पोची वाट इथं बघतीस?”

“बंदूक लावायची ना.”

“लावत्यात. पयले वाळत घालत्यात, मंग लावत्यात.” तिने हनुवटीने घड्याळाकडे खूण केली. “पंधरा मिन्टं. कोरडं कपाळ. आत्ताच मांडलाय हा बाक, सकाळी नव्हता. मी मोठीला सोडून गेले तवा नव्हता.”

पारूने पेटी खाली ठेवली. ठेवताना पेटीतलं ताट वाजलं.

प्रतिभाबाई जव्हारच्या बाजूच्याच एका शेतकरी घरातल्या. स्वतः आश्रमशाळेत शिकलेल्या, पाड्यांवरच्या आया ओळखून असलेल्या, त्यामुळे ओहोळावर काय होतं ते त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली. “गोदी ना? बस. पारू, वेळ बघून ठेव. अकरा वाजून चाळीस.” आणि कोनाड्यातून एक कोरडं फडकं काढून त्यांनी स्वतः पुढे केलं. “केस ओले दिसतात. पूस.”

पारूने पुसलं. दुसरं काय करणार होती.

*

पहिलं मिनिट. पोरगी बाकावर बसते. तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत.

तिसरं मिनिट. सकू सांगते की चंदनाला नुसती खरूज आहे. “बंदुकीला खरूज दिसत नाय, ते बरं हाय. नायतर आमच्या पाड्यातलं येक पोर आत जायाचं नाय.” ओळीतल्या दोन पोरी हसतात. चंदना बोटांच्या बेचक्यात खाजवते आणि आईची चापट खाते.

पाचवं मिनिट. पारू गोदीच्या कपाळाला हात लावत नाही. लावला तर बाई बघतील. ती नुसती बघते. कपाळावरची ओल गेली आहे. कानाच्या पाळ्या लाल होऊ लागल्या आहेत.

या पाच मिनिटांत पारूच्या मनात काय चाललं होतं ते सांगणं सोपं आहे आणि अवघडही. गेल्या तीन दिवसांत तिने प्रत्येक क्षणी एकच मागितलं होतं, ताप उतरू दे. आत्ता ती मागत होती की ताप अजून दहा मिनिटं कपाळावर येऊ नये. पोटात राहू दे, पाठीत राहू दे, कपाळ तेवढं सोड. आपण तापाशी असा सौदा करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. तरी ती मागतच राहिली.

सातवं मिनिट. बाईंची मान रजिस्टरमध्ये आहे. गोदी खाली वाकून पेटी उघडते. ताट बाहेर काढते. ताटावर आपलं नाव बघते. मग सहज, खेळल्यासारखं, ताटाची पाठ कपाळाला लावते.

नववं मिनिट. ताटाची दुसरी बाजू.

अकरावं मिनिट. ताट वाटीच्या जागी, वाटी कपाळाला. वाटी लहान आहे. पुन्हा ताट.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. पारूने तर नक्कीच नाही. चौथीतली पोर स्वतःच्या तापाला स्वतःच लपवत होती आणि मधूनच आईकडे बघत होती, बरोबर करते ना, असं. पारूने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. गोदीने ते हो धरलं.

चौदावं मिनिट. सकूचं चंदनाकडे लक्ष नाही. तीही ताटाकडे बघते आहे.

*

टुक.

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन,” बाईंनी वाचलं आणि लिहिलं.

मग त्यांनी गोदीच्या कपाळाकडे नीट बघितलं. भुवईपासून केसांपर्यंत एक तांबडी गोल रेघ उमटली होती, ताटाच्या काठाची.

“ही खूण कसली गं?”

“ताटाची.”

“ताट डोक्याला कशाला?”

“खेळत व्हते.”

बाई हसल्या नाहीत. त्यांचा उजवा हात टेबलावरून उठला, गोदीच्या कपाळाच्या उंचीपर्यंत आला, आणि तिथून वळून कानामागच्या पेनाकडे गेला. पारूने ते बघितलं. हात लावला असता तर बाईंना कळलं असतं. कळलं असतं तर लिहावं लागलं असतं.

“पारू, इकडे ये जरा.”

दोघी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मशीनला विचारून झालं. आता तुला विचारते,” प्रतिभाबाई म्हणाल्या. “हिला ताप आहे का?”

“असला तर?”

“असला तर घरी न्यावं लागेल. नर्सबाई शुक्रवारी येतात, आज बुधवार. मागच्या वेळी एकीचा ताप वीस जणींना लागला, मला वर उत्तर द्यावं लागलं.”

“आन नसला तर?”

“नसला तर ती साठ मुलींतली एक. रात्री मी एकेका खाटेशी जाऊन हात लावत फिरत नाही, पारू. लावू शकत नाही. मी एकटी आहे.”

टाकीचा नळ गळत होता. बाईंनी तो पिळून बघितला. गळतच राहिला. त्या नळाकडे बघतच म्हणाल्या, “आत आल्यावर कुणाला ताप आला, तर आजारी खोलीत ठेवते. दोन खाटा आहेत, रिकाम्या आहेत. गोळ्याही आहेत. पण दारातून आलेला ताप मला आत घेता येत नाही.”

पारूने हे ऐकलं आणि तिला त्यातली फट दिसली. बाईंनी ती मुद्दाम ठेवली होती की बोलता बोलता राहून गेली, हे तिला पुढे कितीही वेळा आठवून ठरवता आलं नाही. फाटकाच्या अलीकडे ताप असेल तर घर, पलीकडे असेल तर खाट. तोच ताप. तीच पोर.

“नाय,” पारू म्हणाली. “ताप नाय तिला.”

“मग इथे सही कर. मूल निरोगी आहे, असं लिहिलंय.”

पारूला तीन अक्षरांच्या पुढे लिहिता येत नव्हतं, आणि तिच्या नावात दोनच होती. ती तिने सावकाश काढली. रू काढताना पेन अडलं. बाईंनी पेन झटकून पुन्हा हातात दिलं.

*

मुलींच्या खोलीत खाटेपर्यंत आयांना जाऊ देत. पारूने पेटी खाटेखाली सरकवली आणि गोदीला जवळ ओढलं.

“ऐक. मी गेले की थोडा येळ थांबायचं. मंग बाईला सांगायचं, मला ताप आला.”

“किती येळ?”

“टेम्पो गेला की.”

“टेम्पो गेलेला मला इथून कसा दिसंल?”

पारूने बघितलं. खिडकीतून स्वयंपाकघराची भिंत दिसत होती. “डाळभात खाऊन झाला की सांग.”

गोदीने विचार केला. ती विचार करताना खालचा ओठ आत घेई. “मी सांगितलं तर बाई बाला फोन करंल.”

“करू दे.”

“मंग तुम्ही परत याल. जगन बाला घेणार नाय. बा बोलंल, गोदीमुळं झालं.”

“बा असं नाय बोलणार.”

“मी नाय सांगणार,” गोदी म्हणाली. रडत नव्हती, रुसलेली नव्हती. पाढे म्हणताना जशी शेवटची ओळ म्हणून मोकळी होते, तशी मोकळी झाली. “मी ताट लावीन. उतरंल.”

पारूने तिला दोनदा समजावलं, एकदा दटावलं. प्रत्येक वेळी पोरीने मान डोलावली आणि पारूला दिसलं की ही डोलावते आहे ती आपल्याला लवकर जाता यावं म्हणून. बाकावर जे शिकली ते आता तिच्यातून काढता येत नव्हतं. खाली फाट्याकडून हॉर्न वाजला. जगन दोनदा वाजवी, मग थांबे, मग एकदा.

मग पारू सांगायला दुसरं माणूस शोधू लागली. बाईंकडे परत जाता येत नव्हतं, तिथे आत्ताच सही करून झाली होती. स्वयंपाकीण बाईंच्याच बाजूची. राहिल्या पोरी. बाहेर भिंतीला टेकून, भर दुपारच्या उन्हात, स्वेटर घालून सकूची मोठी प्रगती बसली होती. सातवीतली, शहाणी, पाड्यावरच्या सगळ्या पोरांना नदीपलीकडे हात धरून नेणारी. केस चापून बसवलेले.

“प्रगती, येक काम कर बाय.” पारूने कागदाचा पुडा तिच्या हातात दिला. “गोदीवर ध्यान ठेव. अंग तापलं तर ही अर्धी गोळी दे, आन बाईला जाऊन सांग. ती सांगणार नाय. तू सांग.”

प्रगतीने पुड्याकडे बघितलं. “कवा द्यायची?”

“हात लावून बघ. तापलं की कळतंय.”

“बरं.”

“इसरशील नाय ना?”

“नाय, काकी.”

पारूने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो ऊन वाटला. उन्हात बसलेली पोर, म्हणून असेल. सकाळपासून गोदीचं कपाळ, पोट, मान, पुन्हा कपाळ असं करून पारूच्या तळव्यांना आता काही कळेनासं झालं होतं. पेटीचा पत्रा, पोरीचं अंग, स्वतःचा गाल, सगळं एकच लागत होतं.

तिसरा हॉर्न. ती मागे न बघता उतारावरून निघाली. मग बघितलं. खोलीच्या दारात ताट चकाकलं.

*

टेम्पोत जागा लक्ष्याने धरून ठेवली होती, गोधडीवर, दिपेशला मांडीवर घेऊन. सकू आधीच येऊन समोर बसलेली.

“घेतली?” लक्ष्याने विचारलं.

“घेतली.”

“ताप?”

“बंदुकीत नाय आला.”

लक्ष्याने मान हलवली. “मंग बरं हाय,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा, “बंदुकीत नाय ना आला.” त्यालाही ठाऊक होतं. टेम्पोत प्यायला ओहोळावरून तोच पाणी भरून गेला होता, वाळूतली पावलं त्याने बघितली होती. पण आकडा कुणीतरी कागदावर लिहिला होता, आणि त्या दोघांना जाताना नेता येईल असं तेवढंच होतं.

जगनने मागची फळी लावली, माणसं मोजली. जोड्या बरोबर भरल्या. टेम्पो हलला. जव्हारच्या रस्त्याला लागेपर्यंत धूळ एवढी उडाली की बायांनी पदर नाकाला लावले.

जव्हार आलं. एसटी डेपोसमोर टेम्पो थांबला, कुणीतरी पाणी भरायला उतरलं. पलीकडच्या रस्त्याने दवाखान्याकडे लोक जात होते. इथेच रक्त तपासायचं होतं. पारू त्या रस्त्याकडे, पाणी भरून होईपर्यंत, बघत राहिली. तिने लक्ष्याच्या खिशातल्या फोनकडे बघितलं. फोन वाजत नव्हता. न वाजणं चांगलं की वाईट, याचा तिला निवाडा करता येईना. वाजला तर ताप आहे आणि बाईंना कळलंय. नाही वाजला तर ताप नाही, किंवा आहे आणि ताट आहे.

“लाव ना बाईला,” ती म्हणाली.

“काय सांगू?” लक्ष्याने विचारलं.

काय सांगायचं ते तिने तोंडातल्या तोंडात जुळवून बघितलं. तिला ताप आहे, मी खोटं बोलले. मग बाई म्हणतील, घेऊन जा. पारूने दिपेशच्या कपाळाला हात लावला, काढला, पुन्हा लावला.

“कशाला जीव काढतीस,” समोरून सकू म्हणाली. “माझीबी येक सोडून दोन हायेत तिथं. बाई खाणार नाय त्यांना. खरजेचं तेवढं बाईला लागलं तर बाईच सुट्टीवर जाईल.” टेम्पोतले दोघेतिघे हसले.

पारूलाही थोडं हसू आलं. हायसं वाटलं. “मी तुझ्या प्रगतीला सांगून आले,” ती म्हणाली. “गोळी देऊन ठेवलीया तिच्यापाशी. गोदीला हात लावून बघ म्हणलं, तापली तर बाईला सांग म्हणलं. शहाणी हाय तुझी पोर. ती बघंल.”

सकूच्या तोंडात पुढची थट्टा तयार असायची. ती यायची वाट पारू बघत होती.

सकू तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर नाकावरून डोळ्यांपर्यंत ओढला आणि फळीकडे तोंड करून बसली.

“काय झालं गं?”

“काय नाय. धूळ हाय.”

टेम्पो डेपोसमोरून निघाला.

सकाळी दहा वाजता, बाक अजून व्हरांड्यात आणलेला नव्हता तेव्हा, सकूने प्रगतीचं कपाळ त्याच ओहोळावर पुसून तिला आत सोडलं होतं.